येईल की यावा? स्पॅनिशचा सब्जंक्टिव्ह मराठीच्या वाटेने

ही दोन वाक्यं वाचा. ‘तो येईल असं मला वाटतं.’ ‘तो यावा असं मला वाटतं.’ दोन्हींत ‘मला वाटतं’ तेच, माणूस तोच आणि येणंही तेच. फरक काय तो क्रियापदाच्या शेपटात. तरी पहिलं वाक्य अंदाज आहे आणि दुसरं इच्छा, हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. स्पॅनिशमध्ये पहिलं होतं ‘क्रेओ के ब्येने’ आणि दुसरं ‘क्येरो के बेंगा’. ब्येने हे साधं रूप, बेंगा हे सब्जंक्टिव्ह. खरं तर मराठी इथे स्पॅनिशच्याही पुढे आहे. स्पॅनिशला ‘क्रेओ’चं ‘क्येरो’ करावं लागलं, आपलं ‘वाटतं’ जागचं हललंही नाही.

शाळेतलं व्याकरण आठवत असेल तर क्रियापदाचे चार अर्थ पाठ केलेले असतील: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. यातला ‘-आवा, -आवी, -आवं’वाला विध्यर्थ आणि ‘आला असतास तर’वाला संकेतार्थ, हे दोघे मिळून स्पॅनिशच्या सब्जंक्टिव्हची निम्म्याहून जास्त जागा व्यापतात. मग मराठी माणूस अडतो कुठे? अडतो तो इंग्रजीपाशी. पुस्तक इंग्रजी, अ‍ॅप इंग्रजी, शिकवणंही बरेचदा इंग्रजीतून. इंग्रजीत ‘आय वॉन्ट यू टु कम’ म्हटलं की भागतं, म्हणून डोक्यात ‘क्येरो तू बेनीर’ तयार होतं आणि ते साफ चूक आहे. तेच वाक्य मराठीतून मांडा: ‘मला वाटतं की तू यावंस.’ आता शब्दाला शब्द लावा. क्येरो, के, बेंगास. जुळलं.

पुढे जाण्याआधी लिपीबद्दल दोन ओळी. इथली स्पॅनिश देवनागरीत आहे, उच्चाराप्रमाणे. स्पॅनिशमध्ये ‘व्ही’ आणि ‘बी’ या दोन अक्षरांचा उच्चार एकच, म्हणून दोन्हींना ‘ब’. ‘एच’ मुका, ‘जे’चा ‘ख’, दुहेरी ‘एल’चा ‘य’. ‘झेड’ला लॅटिन अमेरिकेप्रमाणे ‘स’ घेतला आहे. माद्रिदकडे तिथे जीभ दातात धरून ‘थ’सारखा उच्चार करतात. त आणि द मात्र आपलेच, दंत्य. स्पॅनिशचा ‘तू’ म्हणजे अक्षरशः आपला ‘तू’, आणि ‘तुम्ही’साठी ‘उस्तेद’.

नेमका प्रश्न कोणता विचारायचा

बहुतेक ठिकाणी सांगतात की सब्जंक्टिव्ह शंका, इच्छा आणि भावना यांसाठी असतो. यादी चूक नाही, पण ती पाठ करून बोलता येत नाही. ‘तू आलास याचा मला आनंद झाला’ यात शंका कसली? तू तर समोर बसला आहेस. तरी स्पॅनिशमध्ये इथे सब्जंक्टिव्हच लागतो. ‘शंका’ हा निकष इथे कोसळतो आणि विद्यार्थी म्हणतो, या भाषेला काही नियमच नाही.

नियम आहे. ‘के’च्या पुढचं वाक्य सुटं काढा आणि विचारा: मुख्य क्रियापदाचा कर्ता ही गोष्ट ठामपणे सांगतोय का? म्हणजे ‘असं आहे, बरं का’ अशी बातमी देतोय का? देत असेल तर साधं रूप. देत नसेल, तर सब्जंक्टिव्ह. मग न देण्याचं कारण काहीही असो.

‘क्रेओ के ब्येने’: तो येतोय, हे माझं मत मी मांडतोय. साधं रूप. ‘नो क्रेओ के बेंगा’: तो येतोय असं मी म्हणत नाही, उलट नाकारतोय. सब्जंक्टिव्ह. ‘एस बेर्दाद के ब्येने’, तो येतोय हे खरं आहे: सांगून टाकलं. ‘एस पोसीब्ले के बेंगा’, तो येणं शक्य आहे: सांगितलं कुठे, शक्यता तेवढी मांडली. ‘क्येरो के बेंगा’: येणं ही माझी मागणी आहे, बातमी नाही. आणि ‘मे आलेग्रा के बेंगास’, तू येतोयस याचा आनंद आहे: तुझं येणं तुला आधीच ठाऊक आहे. ते मी सांगत नाही, त्यावर शेरा मारतोय. म्हणून सब्जंक्टिव्ह.

या कसोटीचा फायदा असा की एकच क्रियापद दोन्हीकडे गेलं तरी गोंधळ होत नाही. ‘देसीर’ म्हणजे म्हणणं. ‘दीसे के ब्येने’ म्हणजे ‘तो म्हणतो, मी येतोय’. ‘दीसे के बेंगास’ म्हणजे ‘तो म्हणतोय, तू ये’. पहिल्यात बातमी, दुसऱ्यात निरोपातला हुकूम. ‘स्येन्तो के’चंही तसंच: पुढे साधं रूप असेल तर ‘मला जाणवतंय की’, सब्जंक्टिव्ह असेल तर ‘मला वाईट वाटतं की’.

एक अपवाद इथेच सांगितलेला बरा, कारण तो मराठी माणसाच्या तोंडी पटकन येतो. ‘बरं झालं तू आलास’ याला सर्वांत जवळचा शब्द ‘मेनोस माल के’. हा भावना दाखवतो, पण घेतो साधं रूप. यादीत घोकण्यापेक्षा हे एक वाक्य तसंच्या तसं लक्षात ठेवा.

रूप तयार कसं करायचं

वर्तमानकाळातलं ‘मी’चं रूप घ्या. शेवटचा ‘ओ’ काढा. आता स्वर उलटा करा: ‘-आर’ गटातल्या क्रियापदांना ‘ए’ लावा, ‘-एर’ आणि ‘-ईर’ गटांना ‘आ’. आब्लार (बोलणे): आब्लो, म्हणून आब्ले. कोमेर (खाणे): कोमो, म्हणून कोमा. बिबीर (जगणे, राहणे): बीबो, म्हणून बीबा. पुढची रूपं मी, तू, तो, आपण, ते या क्रमाने: आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेन, कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमान. स्पेनमध्ये ‘तुम्ही लोक’साठी आणखी एक रूप चालतं. लॅटिन अमेरिकेच्या स्पॅनिशपुरतं शिकत असाल तर ते सध्या सोडून द्या.

‘मी’च्या रूपापासूनच का सुरुवात करायची? कारण बरीचशी वाकडी क्रियापदं आपला वाकडेपणा तिथेच उरकून घेतात. तेंगो (माझ्याकडे आहे) वरून तेंगा, आगो (करतो) वरून आगा, दीगो वरून दीगा, साल्गो वरून साल्गा, पोंगो वरून पोंगा, कोनोस्को वरून कोनोस्का. मूळ धातूपासून सुरुवात केलीत तर तेनेरवरून ‘तेना’ होईल, जे अस्तित्वात नाही.

ज्यांचं ‘मी’चं रूप ‘ओ’ने संपतच नाही अशी सहा क्रियापदं उरतात आणि खरी अनियमित तेवढीच. दार (देणे): दे. एस्तार (असणे, स्थिती): एस्ते. सेर (असणे, स्वभाव): सेआ. साबेर (माहीत असणे): सेपा. आबेर (सहायक क्रियापद): आया. ईर (जाणे): बाया. शेवटची दोन मराठी माणसाला विसरता येणार नाहीत. आयाबाया. उरली चार.

मधला स्वर फुटणारी क्रियापदं थोडी लक्ष देऊन करावी लागतात. पेन्सार (विचार करणे) चं प्येन्से, पण ‘आपण’ला पेन्सेमोस. दोर्मीर (झोपणे) चं द्वेर्मा, पण ‘आपण’ला ना द्वेर्मामोस ना दोर्मामोस, तर दुर्मामोस. ‘-ईर’ गटातली स्वर फुटणारी क्रियापदं ‘आपण’लाही थोडा बदल ठेवतात, ‘-आर’ आणि ‘-एर’वाली ठेवत नाहीत. पेदीर (मागणे): पीदा, पिदामोस.

इंग्रजी पुस्तकांत यानंतर स्पेलिंग बदलणाऱ्या क्रियापदांचं लांबलचक प्रकरण येतं आणि विद्यार्थी धास्तावतो. देवनागरीत लिहून पाहा, ते प्रकरण जवळपास नाहीसं होतं. बुस्को (शोधतो), बुस्के. येगो (पोहोचतो), येगे. एम्प्येसो (सुरू करतो), एम्प्येसे. उच्चार नियमानुसारच बदलला, शेवटचा स्वर तेवढा. रोमन लिपीत ‘सी’ किंवा ‘जी’पुढे ‘ई’ आला की त्या अक्षराचा उच्चार पालटतो. तो मूळचाच राहावा म्हणून ‘क्यू-यू’ आणि ‘जी-यू’ लिहितात. तेव्हा आधी कानाने शिका, स्पेलिंग नंतर बसवा.

पण देवनागरी एका बाबतीत दगा देते: जोर दिसत नाही. आब्ले, जोर पहिल्या ‘आ’वर: त्याने बोलावं. आब्ले, जोर ‘ब्ले’वर: मी बोललो. स्पॅनिश लिहिताना दुसऱ्यावर तिरकी रेघ येते. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान याबाबतीत आळशी असतो. हे दोन शब्द मोठ्याने, एकामागून एक दहा वेळा म्हणा. नुसतं वाचून फरक बसत नाही.

जिथे मराठी हात धरते

पहिली गोष्ट, कर्ता एकच असेल तर सब्जंक्टिव्ह लागत नाही. ‘मला जायचंय’: क्येरो ईर. ‘तू जावंस असं मला वाटतं’: क्येरो के बायास. मराठीतही हीच फाळणी आहे, स्वतःसाठी ‘-आयचं’ आणि दुसऱ्यासाठी ‘-आवं’. ‘मी जावं असं मला वाटतं’ असं आपण म्हणतो, पण क्वचित आणि जरा विचारात पडल्यासारखं. स्पॅनिशमध्ये ‘क्येरो के यो बाया’ तेवढंही चालत नाही.

‘म्हणून’ची जोडीही अशीच जुळते. ‘तुला कळावं म्हणून सांगतोय’ यातलं ‘कळावं म्हणून’ म्हणजे ‘पारा के सेपास’. ‘पारा के’ (म्हणून), ‘आन्तेस दे के’ (च्या आधी), ‘सीन के’ (न होता) या तिघांनंतर नेहमी सब्जंक्टिव्ह. विचार करायचीही गरज नाही.

घर शोधणाऱ्याचं उदाहरण प्रत्येक पुस्तकात असतं, कारण ते खरंच चांगलं आहे. ‘बुस्को ऊना कासा के तेंगा बाल्कोन’: बाल्कनी असेल असं एखादं घर शोधतोय, कुठलंही चालेल. ‘बुस्को ऊना कासा के त्येने बाल्कोन’: एक विशिष्ट घर आहे, त्याला बाल्कनी आहे, ते सापडत नाहीये. मराठीतला फरक ऐका: ‘बाल्कनी असेल असं घर’ आणि ‘बाल्कनी आहे ते घर’. असेल आणि आहे. मनात ‘असेल’ किंवा ‘असावं’ आलं की स्पॅनिशमध्ये तेंगा. ‘इथे मराठी येणारं कुणी नाही’ यातही माणूस अस्तित्वातच नाही, म्हणून ‘नो आय नाद्ये के सेपा माराती’.

आशीर्वाद आणि सदिच्छा तर जणू आपल्यासाठीच केल्या आहेत. मराठीत त्यासाठी एक जुनं, सुंदर रूप आहे: देव तुझं भलं करो, प्रवास सुखाचा होवो, आत्म्यास शांती लाभो. स्पॅनिशमध्ये वाक्य ‘के’ने सुरू करा आणि सब्जंक्टिव्ह लावा. के ते बाया ब्येन: तुझं भलं होवो. के तेंगास ब्वेन ब्याखे: प्रवास सुखाचा होवो. के देस्कान्सेस: नीट विश्रांती मिळो, हे रात्री निरोप घेताना म्हणतात. देस्कान्से एन पास: शांती लाभो, हे कबरीवर. मेक्सिकोत 15 सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जातून ‘बीबा मेखिको’ पुकारतात, त्यातलं ‘बीबा’ म्हणजे वर शिकलेलं बिबीरचंच रूप. चिरायू होवो. ‘ओखाला’ हा शब्दही इथलाच: ‘ओखाला य्वेबा’, देव करो आणि पाऊस पडो. तो स्पेनमधल्या अरबीतून आलेला, अर्थ ‘अल्लाची मर्जी असेल तर’. त्याच्यापुढे कायम सब्जंक्टिव्ह.

आणि आदर. ‘यावं, बसावं’ अशी पाहुण्यांची सरबराई आपल्याकडे अजून ऐकू येते. स्पॅनिशमध्ये ‘उस्तेद’ला केलेली प्रत्येक विनंती सब्जंक्टिव्हचंच रूप घेते: पासे, आत यावं, बेंगा, यावं. स्पेनमध्ये फोन उचलून ‘दीगामे’ म्हणतात, म्हणजे ‘बोलावं’. ‘तू’ला होकारार्थी आज्ञा वेगळ्या रूपात जाते: बेन, ये. पण नकार आला की तोही इकडे येतो: नो बेंगास, येऊ नकोस. ‘नो बेन’ ही सुरुवातीची फार ठरलेली चूक.

जिथे मराठी हात सोडते

पहिला खड्डा ‘मला नाही वाटत तो येईल’. आपण इथे सरळ ‘येईल’ म्हणतो, म्हणून ‘नो क्रेओ के ब्येने’ तोंडून निसटतं. नकार ‘वाटत’ला लागला की पुढचं रूप बदलायचं: बेंगा. प्रश्न विचारताना मात्र, ‘तुला वाटतं का तो येईल?’, साधारणपणे साधंच रूप येतं.

दुसरा, भावनेचा. ‘तू गातेस ते मला आवडतं’ यात मराठी साधं ‘गातेस’ वापरते, स्पॅनिश ‘मे गुस्ता के कान्तेस’ म्हणते. इथे मराठीची अजिबात मदत नाही. वरची ठाम-विधानाची कसोटीच लावावी लागते.

तिसरा जास्त लबाड आहे. ‘तो आला की चहा घेतो’ आणि ‘तो आला की चहा घेऊ’. मराठीत दोन्हीकडे ‘आला’, तेही भूतकाळाचं रूप. स्पॅनिश फरक करते. रोजची सवय असेल तर ‘क्वान्दो येगा, तोमा ते’. अजून यायचा असेल तर ‘क्वान्दो येगे, बामोस आ तोमार ते’. ओळखायचं कसं? ‘की’च्या आधी बघूच नका, वाक्याचा दुसरा अर्धा भाग बघा. तिथे ‘घेऊ, सांग, कर, जाईन’ असं पुढचं काही असेल तर पहिल्या भागात सब्जंक्टिव्ह.

‘तरी’चंही असंच. ‘पाऊस पडतोय तरी जातोय’: आऊन्के य्वेबे. ‘पाऊस पडला तरी जाईन’: आऊन्के य्वेबा. इथे मराठीत निदान रूप तरी बदलतं.

चौथा खड्डा कर्म आणि कर्त्याचा. ‘त्याने पत्रं लिहावीत असं मला वाटतं’. मराठी क्रियापद पत्रांमागे गेलं, अनेकवचनी झालं. त्याच सवयीने लोक ‘क्येरो के एस्क्रीबान कार्तास’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बरेच जण पत्रं लिहिणार आहेत. स्पॅनिश क्रियापद कायम कर्त्याशी बांधलेलं: एस्क्रीबा.

‘कदाचित’साठी तीन शब्द आहेत. ‘ताल बेस’ आणि ‘किसास’ यांच्यापुढे दोन्ही रूपं चालतात, सब्जंक्टिव्हने खात्री थोडी कमी होते. ‘आ लो मेखोर’पुढे फक्त साधं रूप. संपलं.

गेलेला काळ आणि ‘तर’

‘तू यावंस असं मला वाटतं’, ‘तू यावंस असं मला वाटत होतं’. मराठीत ‘यावंस’ जसंच्या तसं. स्पॅनिशमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की ‘के’च्या पुढचंही जातं: क्येरो के बेंगास, पण केरीआ के बिन्येरास. हे भूतकाळी रूप करायची युक्ती आहे आणि तिला एकही अपवाद नाही. साध्या भूतकाळातलं ‘ते’चं रूप घ्या, शेवटचं ‘-रोन’ काढा, ‘-रा’ लावा. आब्लारोन, आब्लारा. तुब्येरोन, तुब्येरा. दिखेरोन, दिखेरा. इस्येरोन, इस्येरा. फ्वेरोन, फ्वेरा, हे ‘असणे’ आणि ‘जाणे’ दोन्हींचं एकच, संदर्भावरून ओळखायचं. भूतकाळ कच्चा असेल तर इथे येऊच नका, आधी तो पक्का करा. ‘-रा’ऐवजी ‘-से’ लावलेलं रूपही (तुब्येसे) छापील मजकुरात भेटेल. ओळखता आलं की पुरे. आणि पुन्हा जोर: आब्लारा, जोर ‘ब्ला’वर, हे सब्जंक्टिव्ह, जोर शेवटच्या ‘रा’वर गेला तर ‘तो बोलेल’.

आता ‘तर’ची वाक्यं. ‘वेळ मिळाला तर जातो’: सी तेंगो त्येम्पो, बोय. ‘सी’ म्हणजे ‘जर’. त्याच्यापुढे वर्तमान सब्जंक्टिव्ह येत नाही. ‘सी तेंगा’ ही चूक हुशार विद्यार्थी हमखास करतात, कारण कसोटी लावली तर तिथे सब्जंक्टिव्ह यायला हवा. इथे कसोटी बाजूला ठेवा आणि नियम पाळा.

‘आत्ता वेळ असता तर गेलो असतो’: सी तुब्येरा त्येम्पो, इरीआ. ‘काल वेळ मिळाला असता तर गेलो असतो’: सी उब्येरा तेनीदो त्येम्पो, आब्रीआ ईदो. मराठीत दोन्हींचा दुसरा अर्धा भाग सारखाच, ‘गेलो असतो’. स्पॅनिश आज आणि काल वेगळे ठेवते. म्हणून भाषांतर करण्याआधी मराठी वाक्यात मनातल्या मनात ‘आत्ता’ किंवा ‘काल’ घालून बघा.

मराठीची एक सवय मात्र इथे उपयोगी पडते. आपण दोन्ही भागांत ‘असता’ लावतो. ‘काल’च्या स्पॅनिश वाक्यातही दोन्हीकडे ‘उब्येरा’ लावलं, ‘सी उब्येरा तेनीदो त्येम्पो, उब्येरा ईदो’, तर ते पूर्ण शुद्ध आहे. उलट, दोन्हीकडे ‘आब्रीआ’ शुद्ध नाही. उत्तर स्पेनमध्ये, बास्क प्रांताच्या आसपास, लोक ‘सी तेन्द्रीआ’ म्हणताना ऐकू येतील. तो त्यांचा बोलीचा भाग आहे, परीक्षेत लिहू नये.

‘मला एक कॉफी हवी होती’ असं आपण हॉटेलात म्हणतो तेव्हा ‘होती’ भूतकाळासाठी नसतो, अदबीसाठी असतो. तिथे स्पॅनिश ‘किस्येरा उन काफे’ म्हणते. हेही भूतकाळी सब्जंक्टिव्हच, आणि पहिल्याच आठवड्यात पाठ करून टाकण्यासारखं.

एक निरोप, वाक्यामागून वाक्य

मराठी निरोप असा: ‘आई म्हणतेय लवकर ये. जेवण गार व्हायच्या आत तू जेवावंस असं तिला वाटतं. स्टेशनवर पोहोचलीस की फोन कर. गाडी उशिरा येतेय असं वाटतंय. उशिरा आलीस तरी चालेल. तुला सुट्टी दिली याचा मला आनंद आहे.’

पहिलं वाक्य: मामा दीसे के बेंगास प्रोन्तो. (स्पॅनिशमध्ये ‘मामा’ म्हणजे आई, घाबरू नका.) ‘ये’ ही बातमी नाही, सांगणं आहे. दुसरं: क्येरे के कोमास आन्तेस दे के से एन्फ्रीए ला कोमीदा. इथे दोन सब्जंक्टिव्ह: कोमास इच्छेमुळे, एन्फ्रीए ‘आन्तेस दे के’मुळे. तिसरं: क्वान्दो येगेस आ ला एस्तास्योन, यामामे. ‘फोन कर’ पुढची गोष्ट आहे, म्हणून येगेस. इथे येगास म्हटलं तर रोजची सवय वाटेल. चौथं: क्रेओ के एल त्रेन ब्येने तार्दे. माझा अंदाज मी सांगतोय, म्हणून ब्येने. इतके सब्जंक्टिव्ह लिहून झाल्यावर हात आपोआप ‘बेंगा’कडे जातो, तेव्हा इथे थांबून बघायचं. पाचवं: आऊन्के येगेस तार्दे, नो इम्पोर्ता. सहावं: मे आलेग्रा के ते आयान दादो बाकास्योनेस. सुट्टी मिळून गेलेली, म्हणून ‘आयान दादो’, आया-बायातली ‘आया’ अनेकवचनात. आनंद आत्ताचा आहे, त्यामुळे ‘उब्येरान’पर्यंत मागे जायचं कारण नाही.

असा पाच-सहा वाक्यांचा निरोप रोज एक करावा. त्याआधी साधारण दोन आठवडे फक्त ‘क्येरो के’ घेऊन वीस क्रियापदं तोंडी फिरवावीत: बेंगास, बायास, आगास, दीगास, तेंगास आणि पुढे. मग ‘पारा के’ आणि भविष्यातला ‘क्वान्दो’. मग ‘नो क्रेओ के’. भावनेची वाक्यं त्यानंतर आणि ‘सी’ सगळ्यात शेवटी. पुस्तकं बहुधा सगळं एकाच धड्यात ओततात आणि तिथेच घोळ होतो. सरावासाठी एकेकटी वाक्यं लिहू नका, जोड्या लिहा: दीसे के ब्येने आणि दीसे के बेंगास, त्येने बाल्कोन आणि तेंगा बाल्कोन, क्वान्दो येगा आणि क्वान्दो येगे. प्रत्येकीसमोर मराठी. मराठी वाक्यांत फरक लिहिता आला नाही, तर तुम्हाला तो अजून कळलेला नाही असं समजा. ‘देले’ या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेचा विचार असेल तर बी-1 पातळीला वर्तमानकाळी रूप लागतं आणि ‘-रा’वालं बी-2ला.

जुन्या म्हणींत किंवा कायद्याच्या भाषेत कधी ‘फ्वेरे’, ‘ब्येरेस’ असली रूपं दिसतील. तो भविष्यकाळी सब्जंक्टिव्ह, बोलीतून कधीच गेलेला. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्यांना तो ओळखीचा वाटेल, कारण पोर्तुगीजमध्ये तो आजही रोजच्या बोलण्यात आहे, आणि ते तो स्पॅनिशमध्येही वापरायला जातात. तिथे साधा वर्तमान सब्जंक्टिव्हच घ्यावा. जुनं रूप एका म्हणीत मात्र टिकून आहे: ‘आदोन्दे फ्वेरेस, आस लो के ब्येरेस’. जिथे जाशील, तिथे जे बघशील ते कर. आपल्याकडे ते तीन शब्दांत होतं, देश तसा वेश, आणि क्रियापदच लागत नाही.